स्टोअरकीपरची आजी

चिठ्ठीशिवाय या जगात काहीही हलत नाही, यावर आमच्या स्टोअरकीपरचा जेवढा विश्वास होता, तेवढा देवावर विश्वास असलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. कोलशेतच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात तो स्टोअर सांभाळायचा आणि मी टाइम ऑफिसात हजेरी मांडायचो. मी डोंबिवलीहून येणारा; तो कारखान्याच्या मागच्याच गावातला, खाडीकडे तोंड करून बसलेल्या घरातला आगरी. वाडवडील मिठागरात राबलेले, घराण्यातला पहिला पगारदार हाच. त्याच्या स्टोअरच्या खिडकीला जाळी होती, जाळीला एक हात जाईल एवढं भोक होतं, आणि त्या भोकातून चिठ्ठी आत गेल्याशिवाय बाहेर काही येत नसे. नवा झाडू हवा असेल तर जुन्याचा बुडखा जमा करावा लागे. एकदा बॉयलरपाशी चिंध्यांच्या ढिगाने पेट घेतला आणि फिटर वाळूची बादली मागायला धावत आला, तर हा जाळीआडून शांतपणे म्हणाला, "खात्याची सही?" फिटरने तिथल्या तिथे त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आग कुणीतरी गोणपाट टाकून विझवली, आणि दुसऱ्या दिवशी याने त्या गोणपाटाची चिठ्ठी मागितली. सात पिढ्यांचं मात्र त्याने मनावर घेतलं नाही, कारण तोवर त्याला स्वतःच्या तीनसुद्धा धड ठाऊक नव्हत्या.

हे उघडकीला आलं ते त्याच्या नातीच्या बारशाला. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार असेल. थोरल्या मुलाचं लग्न आदल्याच वर्षी झालेलं, पहिली मुलगी झाली, आणि कारखान्यातले आम्ही चारपाच जण पेढे खायला गेलेलो. पाळणा सजला होता, आत्या कानात नाव सांगायला वाकली होती, तेवढ्यात ओट्यावरून त्याचा म्हातारा बाप काठी टेकत आत आला. ऐंशीच्या घरातला, मिठाने पायाची कातडी तडकलेला, कधी कुणाकडे काही न मागणारा माणूस. म्हणाला, "माजे आयचा नाव ठेवा." सगळ्यांना फारच बरं वाटलं. आत्याने विचारलं, "काय व्हता नाव?" म्हातारा सांगायला म्हणून तोंड उघडून उभा राहिला, तो उभाच राहिला. तो चार महिन्यांचा असताना आई पटकीने गेलेली. बापाने दुसरं लग्न केलं, आणि नव्या बायकोच्या राज्यात जुनीचा विषय निघेना. त्याला सांभाळणारी त्याची आत्या 'तुजी आय' एवढंच म्हणायची. ऐंशी वर्षांत ते नाव त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही कुणाला विचारलं नव्हतं, आणि हे त्याचं त्यालाच त्या क्षणी कळलं. मी आयुष्यात बरेच ओशाळलेले चेहरे पाहिले, पण आईपुढे ओशाळलेला ऐंशी वर्षांचा म्हातारा तेवढा एकच.

आमच्या स्टोअरकीपरने तिथेच जाहीर करून टाकलं, की नाव शोधून काढीन आणि तोवर पोरीचं दुसरं काही नाव ठेवायचं नाही. झालं. पोरगी पाळण्यात बेबी झाली, रांगताना बेबी राहिली, आणि पुढे शाळेतही बेबी म्हणूनच गेली. खरं तर वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याच दिवशी पदराने हात पुसत सांगितलं होतं, "त्या धवलारनीला इचारा ना. ती घेतं सगल्यांची नावां." धवलारीण म्हणजे त्यांच्या लग्नांत गाणी म्हणून विधी पार पाडणारी बाई. गावात एकच होती, तीही म्हातारी. मांडवात बसून ती आधी देवांना बोलावते, मग त्या घरच्या मेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन गाण्यातून हाक मारते. त्या वेळी मांडवात बायकाच असतात. पुरुष बाहेर बँडवाल्यांशी हुज्जत घालत नाहीतर ताडी पीत बसलेले, त्यामुळे बापालाही कधी ऐकू गेलं नव्हतं. बायकांनी ऐकलेलं, पण एका सुरात जाणाऱ्या तेवढ्या नावांतलं एक कुणाच्या ध्यानात राहिलेलं नव्हतं. स्टोअरकीपर बायकोला म्हणाला, "गान्याची काय पावती असतं का?" सगळे हसले. मीही हसलो, चांगला मोठ्याने. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

मग सुरू झाला तो शोध, आणि त्यात साक्षीदार म्हणून माझे जे शनिवार गेले ते मला कुणी परत देणार नाही. स्टोअरमध्ये प्रत्येक वस्तूच्या फळीवर एक बिन कार्ड टांगलेलं असतं: माल कधी आला, कधी गेला, शिल्लक किती. या गृहस्थाने तसली कोरी कार्डं घरी नेली आणि पूर्वजांना एकेक कार्ड उघडून दिलं. 'आले'च्या रकान्यात जन्म, 'गेले'च्या रकान्यात मृत्यू. शिल्लक या रकान्यात काय लिहायचं, यावर आमचा ठाणे स्टेशनपर्यंत वाद झाला आणि शेवटी तिथे मुलंबाळं लिहायचं ठरलं. पुरुषांची कार्डं भराभर भरत गेली. तलाठ्याच्या दप्तरात आजा पोशा सापडला, त्याचा बाप सापडला, बापाचा एक भांडकुदळ भाऊ तर बांध कोरल्याच्या तक्रारीसकट सापडला. आजीच्या कार्डावर मात्र 'शिल्लक: एक मुलगा' एवढंच, बाकी सगळं कोरं. मिठागराच्या जुन्या मालकांच्या पणतवाकडे ठाण्यात एक हजेरीबुक आहे असं कळलं, तर तिथे हेलपाटे घालून ते उघडवलं. पुरुष त्यात नावानिशी होते, प्रत्येकापुढे अंगठा. खाली एक ओळ: 'बाया ७'. मी कपाळाला हात लावला. हा त्या सातच्या आकड्यावरून बोट फिरवत राहिला आणि म्हणाला, "सातांत एक तरी आपली असनार रे." त्या एका आकड्यावर त्याने पुढचे सहा महिने काढले.

मग कुणीतरी म्हणालं, ती खडवलीकडची होती. निघाला हा मला घेऊन. खडवलीला उतरून एका मोठ्या अंगणात आम्ही शिरलो. दोन पोक्त माणसं, धुतलेले कपडे, काखेत फाइल. घरधन्याने आदराने घोंगडी अंथरली, आतून पोहे आले, दाराआडून बांगड्या वाजल्या, आणि त्याने घसा साफ करून विचारलं, "मुलगी बघायला आलात ना?" स्टोअरकीपर प्रामाणिकपणे म्हणाला, "हो, पन ती ऐंशी वर्षांपूर्वी वारली." त्यानंतर ते पोहे माझ्या घशाखाली कसे उतरले ते मलाच ठाऊक. तरी घरधनी भला माणूस, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमच्याकडं पोरी दिल्या की दिल्या. कुटं मेल्या ते कलतं, काय नावाच्या व्हत्या ते लोक इसरतात." परतीच्या वाटेवर हा आजीचं कोरं कार्ड पुन्हा पुन्हा उलटून बघत होता. मी त्याचं मन रमावं म्हणून आमच्या घराण्याच्या छापील कुलवृत्तांताची बढाई मारली, बारा पिढ्या आहेत म्हणालो. पुढच्या शनिवारी तो डोंबिवलीला माझ्या घरी हजर. स्टॉकचं रजिस्टर तपासावं तसं त्याने आमचं ते पुस्तक ओळीवर बोट ठेवून तपासलं आणि विचारलं, "हे 'कन्या २' कोन?" मी म्हटलं, पणजोबांच्या बहिणी. "नावं?" मला कुठे माहीत होती! त्याने पुस्तक मिटून हळूच माझ्याकडे सरकवलं. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, पण तो फक्त म्हणाला, "तुमच्याकडं पन शॉर्टच हाय."

रोज संध्याकाळी तो घरी पोचला की म्हातारा ओट्यावरून विचारायचा, "गावला कं रं?" आणि हा म्हणायचा, "उद्या." म्हाताऱ्याचा पोरावर गाढ विश्वास. पोरगा कागदातला माणूस, त्याला सगळं माहीत. अशी पाचसहा वर्षं गेली. अर्ज झाले, स्मरणपत्रं झाली, स्मरणपत्रांची स्मरणपत्रं झाली, आणि शेवटी ठाण्यातल्या एका कचेरीच्या माळ्यावरून गावच्या जन्ममृत्यूचं जुनं रजिस्टर खाली आलं. अर्धं वाळवीने खाल्लेलं. आमचं पान वाळवीने वगळलं होतं. स्टोअरकीपर एकदम ओरडला, "आली! रजिस्टरात आली!" कारकून खुर्चीतून उठला. मी वाकून पाहिलं. गावच्या पाटलाच्या हातची ओळ होती: 'पोशा याची बायको. वय अंदाजे वीस. पटकी.' आम्ही दोघं ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिलो, जणू आणखी एकदा वाचली की तिच्यातून नाव बाहेर पडेल. बाहेर येऊन तो पायरीवर बसला. म्हणाला, "मी असतो ना त्या पाटलाच्या जागी, नाव लिहिल्याशिवाय मेलेली पन घेतली नसती." इतका खचलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. संध्याकाळी त्याने म्हाताऱ्याला ती ओळ वाचून दाखवली. म्हातारा बराच वेळ मनाशी काही जुळवत होता. मग म्हणाला, "ईस? ईसच वर्सांची? आरं, मंग पोरगीच व्हती ती." आणि या वयाच्या माणसाने एखाद्या पोरीसाठी रडावं तसा तो आपल्या आईसाठी रडला.

वहिनी आतून पुन्हा तेच म्हणाल्या. या वेळी हा उठला. एक कोरं कार्ड, शाईचा डबा आणि साक्षीदार म्हणून मी, असा सगळा जामानिमा घेऊन आम्ही धवलारणीकडे गेलो. एवढीशी बाई, पाठीतून वाकलेली, अंगणात सुकट निवडत बसली होती. तिला वाचता येत नव्हतं आणि अख्ख्या गावची मेलेली माणसं तोंडपाठ होती. स्टोअरकीपरने विषय काढताच तिने मानेनेच नाही म्हटलं. "मेल्या मानसाचा नाव असा आंगनान बसून घेव नये रं बाला. हाक मारली का ती येतान. आल्यावर त्याना बसवशील कुठं? मांडव नाय, जेवान नाय." तो पाया पडला. मीही हात जोडले. ती ढिम्म हलली नाही. लग्न काढ, मांडव घाल, मग घेईन, म्हणाली. आणि मग डोळे बारीक करून विचारलं, "तुझ्या लग्नान घेतला. तुझ्या पोराच्या लग्नान घेतला. तू कुठं व्हतास?" थोरल्याच्या लग्नात तो कुठे होता ते मी पाहिलं होतं. गावची लग्नाची भांडी त्याच्या ताब्यात असायची. मांडवात त्याच्या आजीला हाक मारली जात होती तेव्हा तो मागच्या दारी बसून चिठ्ठ्यांबरहुकूम पातेली मोजत होता.

धाकटा मुलगा तेव्हा कुठे कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला होता. त्याला पुढ्यात घेऊन बापाने सांगितलं, तुझं लग्न करायचं आहे. पोरगा लाजला, मग कारण कळल्यावर चिडला, आणि मग आज्याकडे बघून हो म्हणाला. मुलगी मोहने गावची मिळाली, चांगल्या घरची. तारीख वैशाखातली. त्या संध्याकाळी म्हाताऱ्याने विचारलं, "गावला कं रं?" तर इतक्या वर्षांत पहिल्यांदा 'उद्या' न म्हणता हा म्हणाला, "वैशाखान गावंल, बाबा. नक्की." म्हातारा म्हणाला, "बरा." आणि माघात, सकाळी चहा घेऊन ओट्यावर टेकला तो तसाच गेला. मी पोचलो तेव्हा काठी खांबाला लावलेली होती आणि आमचा स्टोअरकीपर तिच्याकडे बघत बसला होता. "तीन महिने रे," एवढंच तो म्हणत होता, "सात वर्षं काढली त्याने, आनि तीन महिने." वहिनींनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, हे तिथे कुणी बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती.

वर्षाच्या आत लग्न उरकायचं असतं म्हणून ते वैशाखातच झालं. मी शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर मागून घेऊन गेलो. मांडवात बायकांच्या घोळक्यात आमचा स्टोअरकीपर मांडी घालून बसला होता, मांडीवर कार्ड, हातात पेन्सिल. बाहेरचे पुरुष हसत होते. भांड्यांच्या कोठारावर या खेपेला कुणीच नव्हतं. त्याने स्वतः जाऊन बँड थांबवला आणि परत येऊन बसला. म्हातारी गायला लागली. आवाज असा काही नव्हता, नुसता एक सरळ सूर. गावदेवीला बोलावलं, वेशीवरच्या देवाला बोलावलं, खाडीला बोलावलं. मग माणसं. पोशाच्या बापाला हाक मारली, पोशाला मारली. आणि मग त्याच सुरात, जराही न थांबता: ये गो गोमी, मांडवान ये. पेन्सिल कार्डावर टेकली आणि तिथेच राहिली. म्हातारी पुढे गातच होती. ये रं जोमा, ती म्हणाली, मांडवान ये, तुझे आयच्या बाजूला बस. जोमा म्हणजे त्याचा बाप. माघात गेलेला, त्यामुळे या मांडवात त्यालाही बोलावणं होतं. ज्या नावासाठी त्याने सात वर्षं ओट्यावर बसून वाट पाहिली, ते नाव मांडवात घेतलं गेलं तेव्हा तो मेलेल्यांतला होऊन आईशेजारी बसला होता. मी ढसाढसा रडलो, आणि टेपरेकॉर्डरचं बटण दाबायचं साफ विसरलो.

"परत एकदा घे ना," स्टोअरकीपर म्हणाला. म्हातारी म्हणाली, "एकदा बोलावली ना, ती आली. आता जेवाला घाल." तो उठला, स्वयंपाकाच्या जागी गेला, दोन पत्रावळ्या उचलल्या, वडे आणि रस्सा वाढून घेतला आणि मांडवाच्या कोपऱ्यात त्या एकमेकींना चिकटून मांडल्या. संध्याकाळी भांडीकुंडी मोजताना दोन वाट्या कमी भरल्या, तर त्याने त्या शोधल्या नाहीत. नंतर कार्डावर नाव लिहून त्याखाली धवलारणीचा अंगठा घेतला, हे मात्र खरं. सवय कुठे जाते?

बेबी तेव्हा तिसरीत होती. तिचं नाव बदलून घ्यायला तो शाळेत गेला, सोबत अर्थात मी. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, नावाला पुरावा काय? याने कार्ड पुढे केलं. "हा अंगठा कुणाचा?" "धवलारनीचा." "त्या कुठल्या अधिकारी?" मी खिडकीबाहेर पाहू लागलो. बाई सौम्यपणे म्हणाल्या, काहीतरी सरकारी कागद आणा, नुसतं असं चालत नाही. मला वाटलं आता हा भांडेल. पण हा कार्ड खिशात घालून नमस्कार करून बाहेर आला आणि फाटकापाशी म्हणाला, "बाईंचा काय चुकला नाय. मी पन सहीशिवाय वस्तू नसती दिली."

त्या पावसाळ्यात धवलारीण गेली. तिच्या सुनांपैकी कुणी ती गाणी उचलली नाहीत. चारएक वर्षांनी कारखानाही बंद पडला आणि शेवटच्या दिवशी याने रिकाम्या फळ्यांची कार्डं सही करून जमा केली. पुढे एकदा सहज म्हणून मी कोलशेतला गेलो, तर तो ओट्यावर बापाच्या जागी बसलेला. पुढ्यातली खाडी इमारतींनी अर्धी झाकली होती. आमचे जुने सगळे शनिवार बोलून झाले होते. मध्येच त्याने आत तोंड करून हाक मारली, "गोमे!" शाळेच्या कागदावर बेबी असलेली ती पोरगी वह्या सोडून बाहेर आली. "काय आजा?" "काय नाय." ती गेली. दोन मिनिटांनी पुन्हा, "गोमे!" ती पुन्हा आली, जरा फुरंगटून. "आता कं हाय?" "काय नाय, जा." मी म्हटलं, अरे, अभ्यास करतेय ती, उगाच कशाला हाका मारतोस? तो खांबाला लावलेल्या काठीकडे पाहत होता. म्हणाला, "धवलारीन बोलली व्हती ना, हाक मारली का येतात म्हनून." मग म्हणाला, "बाबा असता ना रे, त्याने दिवसभर मारल्या असत्या." आणि त्याने पुन्हा हाक मारली. पोरगी दारात येऊन उभी राहिली. या वेळी त्याने तोंड खाडीकडे फिरवलं, म्हणून मीच तिला पाणी आणायला सांगितलं.